एनकार्नाचं निळं पातेलं

स्पेनला यायला आत्यांनी दोनच अटी घातल्या होत्या. राब भाजून झाल्याशिवाय निघणार नाही, आणि आवणीच्या आत घरी पोचवायचं. राब म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी शेण-पालापाचोळा पसरून जमिनीचा तुकडा भाजून घेतात तो. आवणी म्हणजे तीच रोपं उपटून चिखलात लावणं. या दोन कामांच्या मध्ये कासार आंबोलीतल्या बाईला जेवढी सवड असते, तेवढी त्यांनी स्पेनला दिली. शेखर म्हणाला, "आई, व्हिसापण तीनच महिन्यांचा मिळतो." आत्या म्हणाल्या, "मंग त्यास्नी बी आवनीचं ठावं असंल."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजराबाई. मी परभणीकडची. लग्न होऊन आले तेव्हा शेखरच्या घरातल्या सगळ्या सुना सासूला आत्या म्हणतात हे पाहिलं आणि मीही म्हणायला लागले. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याकाठचं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे लग्न झालं आणि त्या कासार आंबोलीला आल्या. शेखर कॉलेजात असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर ओढ्याकाठची भातखाचरं आणि दोन म्हशी त्यांनी एकटीने सांभाळल्या. आजूबाजूला पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले उठले. जमीन विचारायला कोणी आलं की आत्या त्याला चहा द्यायच्या, साखर जास्त घालून, आणि विचारायच्या, "तुमास्नी भात लावता येतो का?" तो हसून नाही म्हणायचा. "मंग घिऊन काय करनार?" एवढ्यावर व्यवहार संपायचा.

२००६ साली शेखरच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी सेव्हिलला पाठवलं. तोवर आम्ही पुण्याजवळ नांद्यात भाड्याने राहत होतो. सेव्हिलला शहराबाहेर नदीकाठच्या एका गावात आम्ही घर बघायला गेलो, तर मागच्या खिडकीतून थेट भातशेती. शेखर म्हणाला, "हेच घर घ्यायचं." मी म्हटलं, "अरे, स्वयंपाकघर तरी बघ." तो म्हणाला, "भात दिसतोय ना? मग झालं."

तिथे शेखर, मी आणि आमची मुलगी, तिघेही नव्याने बोलायला शिकत होतो. मी सकाळी नगरपालिकेच्या स्पॅनिशच्या वर्गाला जायचे. शेखर येता-जाता बसमध्ये कानाला वायरी लावून धडे ऐकायचा. उच्चार नीट लक्षात राहावेत म्हणून मी घरातल्या वस्तूंवर देवनागरीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दारावर 'पुएर्ता', खिडकीवर 'व्हेन्ताना', साखरेच्या डब्यावर 'आसुकार'. दुकानं दुपारी बंद व्हायची ती संध्याकाळपर्यंत उघडायची नाहीत, आणि लोक जेवायला बसायचे त्या वेळेला आमची नांद्यात निजानीज झालेली असायची. हळूहळू त्याचीही सवय झाली.

सवय झाली नाही ती स्वरदाला.

आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. नांद्याच्या बालवाडीत ती इतकी बोलायची की बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. आणि इथल्या शाळेत सप्टेंबरपासून तिने एक शब्द उच्चारला नव्हता. स्पॅनिश तर नाहीच, पण काहीच नाही. पाणी हवं असेल तर बोट दाखवायची. मुलींनी हात धरला की खेळायची, हसायचीसुद्धा, पण आवाज न करता. तिच्या वर्गाच्या बाई, रोसीओ, स्वभावाने फार चांगल्या. त्यांनी वाट पाहिली. फेब्रुवारीत मात्र शाळेतल्या सल्लागार बाईंनी आम्हाला बोलावलं. मुलीच्या कानावर फार भाषा पडताहेत, घरातही स्पॅनिशच बोला, असं त्यांनी सांगितलं. जूनपर्यंत ती शाळेत बोलली नाही तर तिला पहिलीत पाठवता येणार नाही, पुन्हा वर्षभर लहान मुलांत बसवावं लागेल, असंही सांगितलं.

शेखरने त्याच दिवशी फ्रिजवर कागद लावला. घरात मराठी बंद.

आमची स्पॅनिश ती केवढी! जेवताना शेखर म्हणायचा, "भात. चांगला. आहे." मी म्हणायचे, "होय. भात. पांढरा." मग दोघंही गप्प. स्वरदा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालून जेवायची. महिनाभरात तिने घरातही बोलणं जवळजवळ सोडलं. मी इंटरनेटवर वाचत बसायचे आणि प्रत्येक पान आधीच्यापेक्षा वाईट निघायचं. मुलगी झोपली की तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायचे, स्वप्नात तरी काही म्हणते का.

अशात एप्रिलमध्ये आत्या आल्या. सामानात आंबेमोहोर तांदूळ, तांदळाचं पीठ, बेसन आणि आमच्यासाठी एक-एक पातळ गोधडी. स्वरदा विमानतळावर धावत गेली आणि "आज्जी!" म्हणून त्यांच्या पोटात शिरली. कितीतरी दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकला.

घरी येताना शेखरने नियम सांगितला. "आई, तिच्याशी मराठीत बोलायचं नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय."

"मंग काय बोलू? मला दुसरं काय येतंय?"

"थोडे दिवस. तिच्या भल्यासाठी."

आत्यांनी नातीकडे बघितलं. "बरं. तुमचं घर, तुमचा नेम."

आणि त्यांनी तो पाळला. घरात पाऊल टाकल्यापासून नातीशी अक्षर बोलल्या नाहीत. तिची वेणी घालायच्या, तिला मांडीवर घेऊन भरवायच्या, रात्री पाठीवर हात फिरवायच्या, सगळं तोंड मिटून. सात समुद्र ओलांडून नातीसाठी आलेली बाई आणि तिला नातीशी बोलायची बंदी. मला बघवायचं नाही. शेखर म्हणायचा, जूनपर्यंत कळ काढ.

त्या आल्या त्याच आठवड्यात गुड फ्रायडे होता. दुपारी आम्ही दोघं तिथल्या रिवाजाप्रमाणे आडवे झालो होतो. आत्यांना दुपारची झोप माहीत नाही. त्या स्वरदाला घेऊन बाल्कनीत बसल्या होत्या. खालून ढोल वाजत मिरवणूक निघाली. लोकांनी खांद्यावर एक मोठा देव्हारा घेतलेला, त्यात निजलेल्या माणसाची मूर्ती, मागे काळे कपडे घातलेल्या बायका. आणि शेजारच्या बाल्कनीत आमच्या जिन्यातल्या समोरच्या घरातली म्हातारी, डोक्यावर काळी जाळीची ओढणी घेऊन, डोळ्यांना रुमाल लावून उभी.

आत्यांनी ओळखलं. शेजारी मयत झालंय.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी नेऊन द्यायची असते. आत्यांनी आम्हाला उठवलंही नाही. तांदळाच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, डबा भरला आणि एका हाताने स्वरदाला धरून समोरचं दार वाजवलं. म्हातारीने दार उघडलं. आत्यांनी डबा तिच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोन मिनिटं मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि काही न बोलता वळल्या. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत.

त्या म्हातारीचं नाव एनकार्ना. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा तिथल्या भातगिरणीत कामाला. संध्याकाळी ती डबा परत घेऊन आली, त्यात मधात बुडवलेले, तळलेले पावाचे तुकडे. आत्या चक्रावल्या. "आगं, सुतकात गोड? ह्यांच्यात चालतं?"

मग उलगडा झाला. मी हसू आवरत त्यांना समजावलं की आज ख्रिस्त गेला तो दिवस, तो दोन हजार वर्षांपूर्वी गेला.

आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन हजार वर्सं झाली आन आजून रडत्यात? मानसं चांगली हायेत."

एनकार्नाला त्या दिवशी मांस चालत नव्हतं, त्यामुळे पिठलं तिला आवडलं होतं. आणि तिचा डबा भरून परत आल्यामुळे आत्यांना ती आपल्यातली वाटली. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पुढच्या आठवड्यात एनकार्नाने एका निळ्या पातेल्यात हरभरे घातलेली पालकाची भाजी पाठवली. कडेचा रंग उडालेलं, दोन कानांचं, तिच्या लग्नातलं पातेलं. "जिरं हाय की हिच्या भाजीत!" आत्या म्हणाल्या, आणि पातेलं घासून त्यात मसालेभात भरून दिला. ते पुन्हा भरून आलं. पुन्हा गेलं. दोघींपैकी कोणालाही थांबता येईना. शेखर म्हणायला लागला, "आई, हे कधी संपणार?"

"का म्हून संपावं? तुला काय वजं हुतंय?"

पातेलं न्यायला-आणायला स्वरदा सोबत असायची. मी वर्गाला गेले की दोघी तिकडेच. मला वाटायचं, तीन मुक्या माणसांची काय मैफल जमत असेल! आत्यांना एकच शब्द येत होता, 'सी', म्हणजे हो. तो त्या सगळ्याला वापरायच्या. पाववाला काही विचारो, दारावर कोणी येवो, "सी, सी". एकदा त्या नादात आमच्याकडे तीन पाव जास्त आले.

एकदा शाळेच्या फाटकातून स्वरदा आत जाताना बघत मी आत्यांना विचारलं, "आत्या, ही बोलेल ना हो?" हा प्रश्न मी दिवसातून कितीदा तरी मनात विचारायचे. त्या दिवशी तोंडातून निघाला.

आत्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी लगीन हून आले तवा मामंजींफुडं वरीसभर बोलले न्हाई. नव्या सुनंनं सासऱ्याफुडं बोलायचं नसायचं. काय पायजे तर बांगड्या वाजवायच्या. गावात उठलं, गोजरा मुकी हाय म्हून."

"मग?"

"मंग येक दिस म्हस राबात शिरली. मामंजी बांधाव पाठमोरे बसल्याले. बांगड्या वाजवून म्हस सांगायची कशी? वरडले, 'मामंजी, म्हस!' त्येंनी म्हशीकडं बघितलंच न्हाई. माज्याकडंच बघत ऱ्हायले. तवर अर्धी रोपं खाल्ली तिनं."

मी हसले. आत्याही हसल्या. पण त्यांचं सगळंच असं पटणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वरदाची दृष्ट काढली आणि मीठ-मिरच्या गॅसवर टाकल्या. जिन्यातले सगळे शेजारी खोकत बाहेर आले, एनकार्ना नाकाला पदर, म्हणजे ॲप्रन, लावून. स्वरदा त्यानेही बोलली नाही.

मे महिन्यात एके दिवशी आमचा वर्ग लवकर सुटला. घरी आले तर दाराला कुलूप, आणि समोरचं दार अर्धवट उघडं. आतून एका मुलीचा आवाज येत होता. भरभर, शब्दांची शेपटं गिळत, अगदी त्या गावचे लोक बोलतात तसं. मला वाटलं, एनकार्नाची नात आली असेल. मी डोकावले.

स्वयंपाकघरात एनकार्ना आणि आत्या, दोघीही कमरेत वाकलेल्या. दोघींच्या हातात कोथिंबिरीसारख्या पाल्याची एक-एक जुडी, आणि एकेक काडी फरशीवर लावत दोघी मागे-मागे सरकत होत्या. मध्ये स्टुलावर स्वरदा उभी, हात कमरेवर.

"तिला इचार," आत्या म्हणाल्या, "येका जागी किती काड्या धरायच्या ह्या? आमी तीन-चार धरतो."

स्वरदाने वळून स्पॅनिशमध्ये विचारलं. एनकार्नाने बोटं दाखवत लांबलचक उत्तर दिलं.

"आज्जी, ती म्हणते त्या पण तितक्याच. ती लहान होती तेव्हा. पण वाकडं लागलं की मुकादम ओरडायचा."

"आगं बया! मुकादम समदीकडं सारकाच? आन आता का लावत न्हाईत म्हनावं?"

स्वरदाने विचारलं. "आता विमानातून बी टाकतात. परवा आपण गच्चीवरून बघितलं ना, ते."

"इमानातून! मंग गानी कवा म्हनायची?"

स्वरदाने हेही एनकार्नाला सांगितलं असावं, कारण एनकार्ना कंबर धरून सरळ झाली आणि बेसूर आवाजात काहीतरी गायला लागली. तेवढ्यात स्वरदाला मी दिसले. ती झटकन स्टुलावरून उतरून आत्यांच्या मागे गेली.

मी उंबऱ्यातच थांबले. आत्या म्हणाल्या, "आत ये की. दारात काय हुबी ऱ्हातीस, वसुलीला आल्यावानी."

रात्री जेवताना शेखरने विषय काढला. मराठीतच, कारण एवढं सगळं त्याला स्पॅनिशमध्ये म्हणता आलं नसतं. "आई, तू तिच्याशी मराठीत बोलतेस?"

"घरात? येक अक्शार न्हाई. इचार तिला."

"एनकार्नाच्या घरात?"

"तुमच्या घरात तुमचा नेम. तिच्या घरात कुनी नेम केलाय?"

शेखर म्हणाला, "अगं, पण एकच भाषा बोलायची असं सांगितलं होतं."

"येकच बोलती की. येका येळी येकच."

मला हसू फुटलं. शेखर माझ्याकडे रागाने बघायला गेला आणि तोही हसला. त्याने उठून फ्रिजवरचा कागद काढला. स्वरदाने विचारलं, "आता घरात पण बोलायचं?" आत्यांनी तिला मांडीवर ओढलं, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं त्या दोघी बोलत बसल्या. मी भांडी घासता-घासता ऐकत होते. म्हशींची नावं, मागे त्यांना सांभाळणारा वाल्मीककाका वेळेवर पाणी दाखवतो की नाही, एनकार्नाच्या मांजराला किती पिल्लं झाली.

पण शाळा तिथेच होती. जूनच्या मध्याला आम्ही सल्लागार बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांना आनंदही झाला. पण म्हणाल्या, शेजारणीच्या स्वयंपाकघरात बोलते हे चांगलंच, शाळेत मात्र वर्षभर तिच्या तोंडून शब्द नाही. पहिलीच्या वर्गात ती काय करेल? रोसीओ बाई म्हणाल्या, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू. स्वरदा माझ्या शेजारी बसली होती. तिला सगळं कळत होतं, आता तर मला ते पक्कं माहीत होतं, आणि तिच्या ओठांची रेघ हलत नव्हती. शेजारच्या घरात नदीसारखं बोलणारी माझी मुलगी इथे बसून सगळं ऐकते आहे, आणि मी तिच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. त्यापेक्षा आधीचं न कळणं बरं होतं असं मला वाटून गेलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी अंगणात टेबलं मांडून सगळ्या पालकांनी घरून काहीतरी करून आणायचं होतं. आत्यांनी तांदळाची खीर केली, आंबेमोहोराची. त्यांना दोन दिवसांनी निघायचं होतं आणि एनकार्नाचं पातेलं नेमकं आमच्याकडे होतं. त्यांचा हिशोब असा, की खीर त्या पातेल्यातच न्यायची, शाळेत वाटायची आणि तळाशी एनकार्नापुरती ठेवून ते पातेलं तिला देऊन टाकायचं. एका कामात दोन कामं.

खीर मुलांना आवडली. त्यांच्याकडेही दुधात शिजवलेला भात करतातच. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सरबत ओतत होते. तिथून मला दिसलं की रोसीओ बाई आनंदाने वाढताहेत, अगदी तळापर्यंत, शेवटचा चमचासुद्धा. मग त्यांनी पातेलं नळाखाली नेलं, स्वच्छ घासलं, पुसून लख्ख केलं आणि आत्यांपुढे धरलं.

आत्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

रोसीओ बाईंनी पुन्हा पुढे केलं. आत्या एक पाऊल मागे सरकल्या. रिकामं पातेलं घ्यायचं कसं? बाईंना वाटलं, भेट दिली असावी. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, आम्हाला?

"सी, सी," आत्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आत्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि पातेलं घेऊन त्या वर्गातल्या कपाटाकडे निघाल्या. तेव्हा आत्यांच्या लक्षात आलं.

"आवो बाई! आवो, भगुनं कुटं नेताय? स्वरे! आगं सांग तिला!"

सगळं अंगण त्यांच्याकडे बघायला लागलं. स्वरदा टेबलाशी उभी होती, हातात कागदाचा पेला. तिने मान खाली घातली. मी सरबताचा जग ठेवून निघाले, पण मध्ये मुलं, खुर्च्या.

"स्वरे, एनकार्नाचं हाय ते. तिच्या लग्नातलं. परवा जायाचं मला. काय तोंड दावू तिला?"

आत्यांचा आवाज खरोखर कातर झाला होता. त्या नाटक करत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते. त्यांना त्या क्षणी शाळा, पहिली, काही आठवत नव्हतं. शेजारणीचं पातेलं चाललं होतं, एवढंच.

स्वरदाने पेला टेबलावर ठेवला. धावत जाऊन रोसीओ बाईंचा झगा मागून ओढला. बाई वळल्या. मी तोवर जवळ पोचले होते म्हणून मला ऐकू आलं.

"ते पातेलं एनकार्नाचं आहे," स्वरदा त्यांच्या बुटांकडे बघत स्पॅनिशमध्ये म्हणाली. "आज्जीचं नाही. तिला देता येत नाही. आणि रिकामं पण नेता येत नाही. तुम्ही त्यात काहीतरी घाला."

रोसीओ बाई तिथेच खाली बसल्या. हळूच विचारलं, "काय घालू?"

स्वरदाने टेबलाकडे पाहिलं, विचार केला. "कलिंगड."

बाईंनी स्वतःच्या हाताने कलिंगड कापून पातेलं भरलं. फोडी आडव्या-तिडव्या होत होत्या. वर्गातली एक मुलगी ओरडली, "बोलते! ही बोलते!" त्यासरशी स्वरदा आत्यांच्या पदरात शिरली, आणि त्या दिवशी शाळेत ती पुन्हा बोलली नाही. आत्यांनी पातेलं घेतलं, किती भरलंय ते वाकून बघितलं आणि मला म्हणाल्या, "बाई देनारी हाय."

संध्याकाळी रोसीओ बाईंचा फोन आला. स्वरदा पहिलीत जाणार होती. त्या म्हणाल्या, बोलेल तेव्हा बोलेल, आम्ही थांबू. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. त्या म्हणाल्या, "आता काय झालं? पहिलीत घेतली न्हवं?"

त्या निघाल्या त्या सकाळी एनकार्नाने जिन्यात ते पातेलं त्यांच्या हातात दिलं. तिथल्या शेतातल्या तांदळाने काठोकाठ भरलेलं, वर फडकं बांधलेलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आत्या म्हणाल्या, "येते गं." एनकार्नाने स्वरदाकडे बघितलं. स्वरदाने सांगितलं, "ती म्हणते, ती परत येणार आहे." आत्यांना काय सांगितलं गेलं ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "सी, सी."

विमानतळावर ते पातेलं सामानात टाकायला त्या तयार होईनात. मांडीवर घेऊनच मुंबईपर्यंत आल्या, आणि आवणीच्या आत शेतात पोचल्या.

सप्टेंबरात पहिली सुरू झाली. स्वरदा पहिले काही आठवडे गप्प होती, मग शेजारच्या बाकावरच्या मुलीशी, मग बाईंशी बोलायला लागली. पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. नांद्यातल्या शाळेत मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात. तिथेही ती आधी गप्प बसली. माझी झोप पुन्हा उडाली. आत्या गावाहून फोनवर म्हणायच्या, "नवी सून हाय ती. ऱ्हाऊ दे." गणपतीपर्यंत ती बोलली. आता चौथीत आहे आणि सुट्टीत कासार आंबोलीला गेली की आत्यांनाच म्हणावं लागतं, "वाईच गप बस की गं पोरी, कान किटले माजे."

पातेलं तीन वर्षं आत्यांच्या फळीवर होतं. त्यातला तांदूळ त्यांनी कधीच शिजवून गावभर वाटला होता, आणि त्या जागी दरवर्षी नवा आंबेमोहोर भरून ठेवायच्या. "कुनी जातंय का तिकडं?" हे शेखरला ठरलेलं. या जानेवारीत त्याच्या ऑफिसातला ऋषिकेश सेव्हिलला निघाला. त्याच्याबरोबर पातेलं गेलं. स्वरदाने एनकार्नाला फोन करून सांगून ठेवलं होतं. ऋषिकेशने पोचवलं, एनकार्ना रडली, हेही कळलं. त्यानंतर काही नाही, फोनही लागत नाही. एनकार्नाचं वय झालंय, मुलाने घर बदललं असं ऐकते. मला उगाच काळजी लागते. आज सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले ते त्यामुळेच.

संध्याकाळी मी फोनवर आत्यांना विचारलं, "इतके महिने झाले, पातेलं काही परत आलं नाही."

मागे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. आत्यांनी आधी तिला दटावलं, मग मला म्हणाल्या, "रिकामं कसं धाडंल ती? भरायला येळ लागतो."